राणीच्या बागेत मुलांना घेऊन जाताना: सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा बेत

सगळ्यात आधी वार बघा. राणीची बाग, म्हणजे मुंबईत भायखळ्याला असलेलं महापालिकेचं प्राणिसंग्रहालय, बुधवारी बंद असते, आणि आवाराला लागून असलेलं भाऊ दाजी लाड संग्रहालयही. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर महापालिका बाग उघडी ठेवते आणि त्याऐवजी दुसऱ्या दिवशी बंद ठेवते. तशी बातमी एक-दोन दिवस आधी पेपरात येते. आम्ही पहिल्यांदा गेलो ते नेमकं बुधवारी. डोंबिवलीहून सासूबाई, दोन मुलं, डबे, पाण्याच्या बाटल्या असं सगळं घेऊन भायखळ्याला उतरलो, उन्हातून चालत गेलो, तर फाटक बंद. धाकटा तेव्हा तीन वर्षांचा होता. तो फाटकाचे गज धरून आत बघत रडत होता, ते अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून बेत कागदावर लिहून काढायची सवय लागली. हे त्याच कागदावरचं आहे.

त्यानंतरची पाच वर्षं आम्ही वर्षातून दोनदा तरी तिथे जातो. एवढ्या खेपांनंतर एक गोष्ट मी ठामपणे सांगेन. पाच प्राणी ठरवा आणि त्या पाचांसाठी दिवस द्या. बाग पन्नास एकरांहून मोठी आहे. 'सगळं बघून घेऊ' म्हणून निघालात तर दुपारी एकपर्यंत मुलं दमतात, मोठ्यांची चिडचिड होते आणि घरी आल्यावर कोणालाच काही आठवत नाही. एका पिंजऱ्यासमोर वीस मिनिटं बसलेलं पोर मात्र वर्षभर त्या प्राण्याबद्दल बोलतं.

हे पाच प्राणी आदल्या रात्री मुलांनाच निवडू द्या. फक्त अमुक प्राणी दिसेलच असं कबूल करून बसू नका. प्राणी आजारी असतो, कक्षाची दुरुस्ती चालू असते, काही प्राणी दुसऱ्या प्राणिसंग्रहालयातून यायचे असतात. 'सिंह दाखवते' असं एकदा म्हटलंत की दिवसभर तेवढंच ऐकावं लागतं. तिकीट काढताना सुरक्षारक्षकाला विचारा, आज कोणकोणते कक्ष बंद आहेत. ते नीट सांगतात.

कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्याच्या सुट्टीत आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यात गर्दी एवढी असते की पेंग्विनच्या रांगेतच तास जातो. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात, पण त्या मुलांना वेळेत शाळेत परतायचं असतं, दुपारनंतर बाग मोकळी होते. माझं मत विचाराल तर एक रजा टाका आणि सोमवारी किंवा गुरुवारी जा. रविवारी जायचंच असेल तर उघडायच्या वेळेला फाटकावर हजर राहा.

पावसाळ्यात जाऊ नये असं सगळे म्हणतात, मला ते पटत नाही. जुलैत झाडं अशी काही हिरवी होतात की बाग ओळखू येत नाही. फक्त घसरणार नाहीत अशी पावसाळी चपलं आणि मुलांना कपड्यांचा एक जास्तीचा जोड हवा.

बाग साधारण सकाळी साडेनऊला उघडते आणि संध्याकाळी सहाला बंद होते. तिकीट खिडकी त्याच्या बरीच आधी बंद होते, म्हणून 'चारला पोचू आणि तासभर फिरू' असा बेत करू नका. मोठ्यांना पन्नास रुपये, लहान मुलांना पंचवीस, आणि आई-वडील व दोन मुलं असं चौघांचं कुटुंब असेल तर मिळून शंभर, हा दर २०१७ साली लागू झाला. त्याआधी मोठ्यांचं तिकीट पाच रुपये होतं. निघण्याआधी महापालिकेच्या वेबसाइटवर आजचा दर आणि वेळ बघा. तिकीट ऑनलाइन काढलंत तर खिडकीची रांग टळते.

पोचायचं कसं

स्टेशन मध्य रेल्वेवरचं भायखळा. फास्ट आणि स्लो दोन्ही लोकल थांबतात. पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांनी दादरला गाडी बदलावी. हार्बरच्या गाड्या भायखळ्याला जात नाहीत, तेव्हा नवी मुंबईकरांनी कुर्ल्याला उतरून मेन लाइनची गाडी पकडावी. रविवारी जाणार असाल तर मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) कुठे आहे ते शनिवारीच बघा.

भायखळा स्टेशनवर उतरल्याबरोबर पळू नका. मुंबईतल्या सगळ्यात जुन्या स्टेशनांपैकी हे एक. त्याची जुनी इमारत काळजीपूर्वक दुरुस्त केली आणि त्या कामाला २०२२ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. मुलांना वर बघायला सांगा आणि मग बाहेर पडा.

पूर्वेला डॉ. आंबेडकर रस्त्यावर या आणि लालबागच्या दिशेने चालत राहा. लहान मुलांच्या पावलांनी पंधरा मिनिटं. उपनगरातून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, इथे रिक्षा नाही. आजी-आजोबा सोबत असतील तर काळी-पिवळी टॅक्सी करा. एवढ्या जवळचं भाडं घ्यायला टॅक्सीवाले कधीकधी नाही म्हणतात, दोन-तिघांना विचारायची तयारी ठेवा. स्वतःची गाडी मी तरी नेणार नाही. पार्किंग शोधण्यात सकाळचा चांगला वेळ जातो, आणि तीच वेळ प्राणी बघायची असते.

पिशवीत काय

पाणी स्टीलच्या बाटल्यांत, जेवण डब्यात. प्लास्टिकच्या पिशव्या आणि वेफर्सची पाकिटं घरीच ठेवा. फाटकावर पिशव्या तपासतात हे एक कारण, आणि वाऱ्याने उडालेली पिशवी हरणाच्या पोटात गेली तर ती बाहेर निघत नाही हे दुसरं. डब्यात आम्ही तिखटामिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं आणि काकडी नेतो. पुऱ्या दुपारपर्यंत टिकतात आणि हात फारसे बरबटत नाहीत. टोपी, ओला रुमाल, आजींसाठी घडीची चटई किंवा जुनी चादर. जमल्यास एक दुर्बीण, साधी असली तरी चालेल. आणि प्रत्येक मुलाला एक वही आणि पेन्सिल. तिचा उपयोग पुढे सांगते.

मुलांच्या मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने आपला फोन नंबर लिहा. हे विसरू नका. दुसऱ्या खेपेला माझा धाकटा माझ्या हातातून सुटला आणि सात-आठ मिनिटं दिसेना. एका आजोबांनी त्याचा हात वाचून फोन केला. आत शिरल्याबरोबर चुकामूक झाली तर भेटायची जागा ठरवा. आम्ही घड्याळाचा मनोरा ठरवतो, कारण तो उंच आहे आणि मुलांना वर्णन करून विचारता येतो. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून तो १८६५ साली उभा राहिला.

आत शिरल्यावर आधी कोण

क्रम नकाशावरून ठरवू नका, उन्हावरून ठरवा. वाघ, बिबट्या, अस्वल, तरस हे प्राणी सकाळी हिंडतात-फिरतात आणि ऊन चढलं की सावलीत आडवे होतात. बाराला वाघासमोर गेलात तर पिवळा ढीग दिसेल आणि मुलं म्हणतील, 'हा मेलाय का?' म्हणून पहिला तास या मंडळींचा. वाघांची एक जोडी २०२० साली औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून इथे आली. मोठ्या प्राण्यांसाठी आता गजांऐवजी काचेचे कक्ष आहेत. काचेवर टकटक करू नका आणि मुलांनाही आधीच बजावून ठेवा. मोबाइलने फोटो काढताना कॅमेरा काचेला अगदी चिकटवून धरा, म्हणजे आपलंच प्रतिबिंब फोटोत येत नाही. फ्लॅश बंद.

अस्वलासमोर मुलांना एक काम द्या, नखं बघायचं. लांब, वाकडी, जमीन उकरायला केलेली. आपल्याकडच्या अस्वलाला वरच्या जबड्यात मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी हवेसारखी ओढून घेतं. हे सांगितल्यावर माझ्या मुलीने घरी येऊन गळलेल्या दातांच्या फटीतून साबुदाणे ओढून बघितले.

मग हरणं. इथे बरेच लोक 'हरीण, हरीण' म्हणत पुढे सरकतात. तुम्ही थांबा. चितळ आणि सांबर यांची शिंगं फांद्यांची असतात, दरवर्षी गळतात आणि नवी येतात. नवी शिंगं मखमलीसारख्या कातडीत गुंडाळलेली असतात. काळवीट आणि नीलगाय यांची शिंगं फांद्या नसलेली आणि जन्मभराची. हा एवढा फरक कळला की मुलं पुढच्या प्रत्येक कुंपणापाशी स्वतःच ओळखायला लागतात, 'गळणारी की न गळणारी?'

पेंग्विन कधी बघायचे ते वारावर ठरतं. सुट्टीच्या दिवशी पहिले तिथेच जा, नाहीतर रांग वाढतच जाते. इतर दिवशी भर दुपारी जा, कारण कक्ष वातानुकूलित आहे आणि उन्हातून सुटका होते. हे हम्बोल्ट पेंग्विन २०१६ साली दक्षिण कोरियातल्या सोलहून आले आणि २०१७ च्या मार्चमध्ये लोकांना बघायला मिळाले. पेंग्विन म्हणजे बर्फ असं मुलांच्या डोक्यात पक्कं असतं. हे पेंग्विन पेरू आणि चिली देशांच्या किनाऱ्यावरचे. तिथे बर्फ नाही, खडक आणि वाळू आहे, फक्त समुद्राचा प्रवाह थंड आहे. म्हणून कक्षातलं तापमान १६ ते १८ अंश असतं, गोठवणारं नसतं.

आता वही काढायची. प्रत्येक हम्बोल्ट पेंग्विनच्या छातीवर काळे ठिपके असतात आणि दोघांचे ठिपके सारखे नसतात. मुलांना एकच पेंग्विन निवडायला सांगा आणि त्याचे ठिपके वहीत उतरवू द्या. पेंग्विन हलतो, पाण्यात जातो, परत येतो, आणि मुलं काचेपलीकडे 'माझा कुठे गेला, माझा कुठे गेला' म्हणून त्यालाच शोधत राहतात. आत तुम्हाला फार वेळ थांबू देत नाहीत, मागची रांग पुढे सरकवावी लागते. तेव्हा चित्र अर्धं राहिलं तरी चालेल, ठिपके तेवढे हवेत.

पक्ष्यांचं मोठं दालन आहे, त्यात आपण चालत जातो आणि पक्षी डोक्यावरून उडतात. तिथे टोपी काढू नका. आवाज खाली ठेवलात तर बलाक आणि बगळे अगदी हातभर अंतरावर येतात.

चारच्या सुमाराला पाणघोडा. दुपारभर तो पाण्यातच असतो, पाठीचा तुकडा तेवढा वर. लोक येतात, 'काही दिसत नाही' म्हणतात आणि जातात. आम्ही कठड्यापाशी बसून मोजायला लागलो. पाणी हललं, आधी नाकपुड्या वर आल्या, झडपा उघडाव्यात तशा उघडल्या आणि फुस्सकन तुषार उडाले. मग डोळे. मग कान, आणि ते वर आल्याबरोबर भिंगरीसारखे गरकन फिरले, पाणी झटकलं. सासूबाई म्हणाल्या, 'अगं, आपल्या म्हशीसारखंच की!' पाचेक मिनिटं तो सहज पाण्याखाली राहतो. मुलांना घड्याळ द्या आणि मोजू द्या. त्याच्या कातडीतून लालसर द्रव पाझरतो, त्याने उन्हापासून बचाव होतो. ते रक्त नाही, हे लहान मुलांना आधीच सांगून ठेवा.

दोन गोष्टी मुलांशी बोलायच्या

एक म्हणजे खायला घालणं. माकडाला केळं द्यायची मुलांची इच्छा प्रेमातूनच असते, म्हणून नुसतं ओरडू नका. प्रत्येक प्राण्याचा आहार ठरलेला असतो. दिवसभरात शंभर माणसांनी एकेक घास दिला तर त्याचं काय होईल, हे मुलांना समजतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तर प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना खायला घालणं, चिडवणं, आवाज करून त्रास देणं आणि तिथे कचरा टाकणं या सगळ्यांना स्पष्ट मनाई आहे. मोठी माणसंच शिट्ट्या मारताना दिसली तर शांतपणे सुरक्षारक्षकाला सांगा. मुलं आपल्याकडे बघत असतात.

दुसरी गोष्ट जास्त अवघड. केव्हातरी मूल विचारणारच, 'आई, याला घरी जायचं नसेल का?' माझ्या मुलीने तरसासमोर विचारलं होतं. 'ते इथे मजेत आहेत' असं सांगून मी सुटले नाही. यातले बरेच प्राणी प्राणिसंग्रहालयातच जन्मलेले असतात, त्यांना शिकार करायला कोणी शिकवलेलं नसतं, जंगलात सोडलं तर ते जगणार नाहीत. आणि तरीही त्यांना जागा, सावली, शांतता मिळालीच पाहिजे, ती मागणं आपलं काम आहे. एखादा प्राणी त्याच रेषेत येरझाऱ्या घालत असेल तर ते कंटाळल्याचं किंवा अस्वस्थ असल्याचं लक्षण असू शकतं, हेही मी सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मुलांना खरं झेपतं.

झाडांसाठी तासभर राखून ठेवा

जेवणानंतरचा तास झाडांचा, आणि हा भाग गाळू नका अशी माझी विनंती आहे. १८६२ साली ही बाग उघडली ती वनस्पती उद्यान म्हणून. प्राणी नंतर आले. इथे तीन हजारांच्या आसपास झाडं आहेत, अडीचशेहून अधिक जातींची. मुंबई शहरात एवढी विविधता एका जागी दुसरीकडे सापडणं कठीण. २००७ च्या सुमाराला बागेचा कायापालट करून आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय करायचा बेत निघाला, तेव्हा या झाडांसाठी मुंबईतल्या काही वृक्षप्रेमी बायका उभ्या राहिल्या. आज आपण ज्या सावलीत डबा उघडतो तिच्यात त्यांचा वाटा आहे.

बहुतेक झाडांवर नावाच्या पाट्या आहेत. तीन तरी शोधाच. गोरखचिंच मूळची आफ्रिकेतली, खोड फुगलेल्या रांजणासारखं. मुलांना हातात हात धरून तिला वेढा घालू द्या आणि किती जण लागतात ते मोजा. कैलासपती या झाडाला फुलं थेट खोडावर येतात. फूल हातात घेऊन बघा (पडलेलं, तोडलेलं नव्हे), आत पिंडीसारखा भाग आणि त्यावर नागाच्या फण्यासारखी छत्री. वास दाट, गोड. फळं मात्र तोफेच्या गोळ्याएवढी आणि टणक, म्हणून त्याखाली चटई टाकू नका. आणि उर्वशी, मूळची ब्रह्मदेशातली, थंडी सरताना तिची लालभडक, पिवळ्या ठिपक्यांची फुलं झुंबरासारखी लोंबतात.

याच वेळी वर कान द्या. टुक्‌, टुक्‌, टुक्‌ असा तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो तो तांबट पक्षी. आकाराने चिमणीएवढा, हिरवा, कपाळ लाल. दिसायला वेळ लागतो, दुर्बीण इथेच कामाला येते.

दगडी हत्ती आणि घोडा

पायांत त्राण असेल तर निघताना भाऊ दाजी लाड संग्रहालय. ते १८७२ साली उघडलं. आत जुन्या मुंबईतल्या लोकांचे मातीचे छोटे पुतळे आहेत, पगड्यांवरून कोण कुठला ते ओळखायचं. मुलं तिथे अर्धा तास सहज रमतात. त्याहून जास्त नको.

संग्रहालयाच्या बाहेरचा दगडी हत्ती मात्र चुकवू नका. घारापुरीच्या बेटावर तो होता, त्याला बघून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा प्रयत्न केला, उचलताना साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे इथे आणून जोडले. जवळ जाऊन बघितलंत तर सांधे दिसतात. घोड्यावर बसलेल्या सातव्या एडवर्डचा पुतळाही याच आवारात आहे. फोर्टातल्या चौकाला ज्याच्यामुळे काळा घोडा म्हणतात तोच हा घोडा, १९६५ साली तिथून हलवलेला.

परतीची गाडी

साडेचारला आवरतं घ्या. टॅक्सीने लालबागला गेलात तर चिवडा गल्लीतून ताजा चिवडा घेता येतो. धाकटा पेंगत असेल तर हा बेत सोडून द्या.

आठवड्याच्या दिवशी पाच वाजल्यानंतर भायखळ्याला कल्याण-कर्जतच्या बाजूची फास्ट गाडी मुलांसकट पकडायचा विचारही करू नका, दारातच माणसं लटकलेली असतात. त्यापेक्षा भायखळ्याहून सीएसएमटीला उलटं जा. तिकीट मात्र काढा, भायखळा ते सीएसएमटी वेगळं आणि तिथून घरचं वेगळं. सीएसएमटीला गाडी सुटायच्या आधी लागते, बसायला जागा मिळते. खिडकी आजींना द्या आणि पोरांना मधे घ्या. वही हाताशी असू द्या, कारण ठाण्यापर्यंत त्या पेंग्विनचे उरलेले ठिपके काढणं चालू असतं.